थंड देशांत निघालेल्या मुलांना हिवाळा इथेच शिकवा

प्रति,
माननीय संपादक,

विषय : शिक्षणासाठी थंड देशांत जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हिवाळ्याच्या तयारीबाबत

महोदय,

जुलै संपत आला की आमच्या धरमपेठेत कुठल्या ना कुठल्या घरी दिवाणखान्यात मोठी बॅग उघडी पडलेली दिसते. सप्टेंबरच्या सत्रासाठी कॅनडा, जर्मनी, इंग्लंड किंवा अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत निघालेल्या मुलामुलींची ती बॅग असते. परवा शेजारच्या घरी गेले, तेव्हा त्या मुलीच्या आईने मला विचारले, "ताई, स्वेटर किती देऊ? चार पुरतील ना?" बॅगेत तीन जाडजूड लोकरी स्वेटर, बर्डीवरून आणलेले एक भरगच्च जाकीट, सुती मोज्यांचे बारा जोड आणि आजीने शिवलेली गोधडी होती. मुलगी कॅनडातील विनिपेग या शहरात जाणार आहे. तिथे माझा मुलगा राहतो आणि त्याच्याकडे मी दोन पूर्ण हिवाळे काढले आहेत. त्या आईच्या प्रश्नाला उत्तर देता देता माझ्या लक्षात आले की हे उत्तर एका घरापुरते ठेवणे बरोबर नाही, म्हणून आपल्या दैनिकातून चार गोष्टी मांडत आहे.

आपले नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या खाली, उष्ण कटिबंधात येते. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. आपल्या कडाक्याच्या थंडीची हद्द म्हणजे २९ डिसेंबर २०१८ ची ३.५ अंशांची पहाट. विनिपेग जवळजवळ ५० अंश अक्षांशावर आहे, समुद्रापासून दूर, सपाट माळावर. जानेवारीत तिथे रात्रीचे तापमान सरासरी उणे २० अंशांच्या आसपास असते आणि १८७९ च्या डिसेंबरात तर ते उणे ४७.८ पर्यंत उतरल्याची नोंद आहे. मी तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला. कटिबंध, अक्षांश, खंडीय हवामान हे सारे असंख्य वेळा फळ्यावर लिहिले. पण उणे २५ अंशांत विमानतळाबाहेर घेतलेल्या पहिल्या श्वासाला नाकातले केस ताठ झाले आणि डोळ्यांतून आलेले पाणी पापण्यांवर गोठले, तेव्हा या विषयातले किती शिकवायचे राहून गेले, ते मला कळले.

उन्हाळ्याच्या बाबतीत आपल्याला कोणी वर्ग घेऊन शिकवले नाही, तरी आपण शिकतो. मे महिन्यात दुपारी बारा ते चार विनाकारण बाहेर पडायचे नाही, पडलोच तर डोक्याला आणि तोंडाला दुपट्टा गुंडाळायचा, घरून पाणी पिऊन निघायचे, उन्हातून आल्या आल्या गार पाणी घटाघटा प्यायचे नाही, कूलरची खिडकी उघडी ठेवायची, पन्हे करायचे, मुलाच्या नाकाचा घोळणा फुटला तर काय करायचे, हे सारे नागपूरच्या प्रत्येक घरात आपोआप हस्तांतरित होते. त्यामुळे ४५ अंशांतही या शहराचे व्यवहार चालतात. विनिपेगच्या लोकांचे थंडीच्या बाबतीत अगदी असेच आहे. तिथली शाळेतली मुले मधल्या सुट्टीत बर्फात खेळतात, दोन नद्यांच्या संगमाजवळ गोठलेल्या पात्रावर माणसे स्केटिंगचे बूट घालून फिरतात, रात्री मोटारीला विजेची वायर जोडून ठेवतात म्हणजे इंजिन सकाळी सुरू होते. त्यांचे शरीर आपल्याहून वेगळे नाही. त्यांना लहानपणापासून कोणीतरी हे शिकवलेले आहे, आणि आपल्या मुलांना ते कोणी शिकवलेले नाही.

उलट दिशेने आलेल्यांकडे पाहिले तर हे अधिक स्पष्ट होते. थंड मुलखातून नागपुरात आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी उन्हाळ्यासाठी दारांना वाळ्याच्या ताट्या बांधल्या, छताला पंखे टांगले आणि मध्य प्रांताची उन्हाळी राजधानी पचमढीला नेली. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. उंच थंड पठारावरून विदर्भाच्या उन्हात येऊन त्या लोकांनी संसार उभे केले, आणि दर हिवाळ्यात आपण ज्या तिबेटी बाजारात स्वेटर घ्यायला जातो, त्या बाजारातल्या माणसांना हवामान बदलणे म्हणजे काय असते हे आपल्याहून चांगले ठाऊक आहे. आपण मात्र एकवीस-बावीस वर्षांच्या मुलाला व्हिसा, फॉरेक्स कार्ड, विमा, प्रेशर कुकर आणि मसाल्यांची पाकिटे देऊन पाठवतो, आणि हवामानाच्या नावाने दोन स्वेटर जास्तीचे टाकतो.

शरीराचे शास्त्रही इथे समजून घ्यावे लागते. उष्णतेला माणसाचे शरीर लवकर सरावते. साधारण दहा ते चौदा दिवसांत घाम लवकर सुटू लागतो, त्यातले मीठ कमी होते, रक्तातील द्रव वाढतो. थंडीला शरीर असे सरावत नाही. काही आठवड्यांनी हुडहुडी कमी भरते आणि गारठा आधीइतका बोचत नाही, पण त्याने मिळणारे संरक्षण फार थोडे असते. "थंड देशात राहून रक्त घट्ट होते," असे आपल्याकडे सर्रास म्हणतात, त्यात तथ्य नाही. गारठ्यात त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त पोटाकडे, छातीकडे वळते, म्हणून बोटे, कान, नाक यांना आधी इजा होते. तेव्हा "हळूहळू सवय होईल" या वाक्यावर मुलांना सोडून देऊ नये. तिथे पहिला आधार कपड्यांचा आणि दुसरा माहितीचा.

कपड्यांविषयी लिहिताना मला थोडे जड जाते. कापसाच्या विदर्भात, ज्या शहरात १८७७ मध्ये एम्प्रेस मिल उभी राहिली त्या शहरात बसून मी सांगते आहे की अंगाला लागून सुती कपडा घालू नका. पण ते सांगितलेच पाहिजे. सूत घाम शोषून धरून ठेवते, म्हणून तर ते आपल्या उन्हाळ्यात सुखाचे. थंडीत तोच ओलावा घातक होतो, कारण पाणी हे स्थिर हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. बसमागे धावलेला, घाम आलेला आणि मग थांब्यावर उभा राहिलेला मुलगा सुती बनियनमध्ये दहा मिनिटांत काकडू लागतो. अंगाला लागून बारीक लोकरीचा किंवा घाम बाहेर सोडणाऱ्या कृत्रिम धाग्याचा पातळ थर, त्यावर हवा धरून ठेवणारा लोकर किंवा फ्लीसचा (मऊ कृत्रिम लोकरीचा) थर, आणि सर्वांत वर वारा आणि बर्फ अडवणारा लांब कोट, अशी रचना लागते. ऊब मुख्यतः थरांमध्ये अडकलेल्या हवेची असते. एकच जाड स्वेटर बाहेर वारा अडवत नाही आणि आत नकोसा होतो, कारण तिथल्या इमारती आतून २०-२१ अंशांना तापवलेल्या असतात आणि वर्गात पातळ शर्टावर बसावे लागते. दिवसातून आठ वेळा चढवता-उतरवता येतील असेच कपडे तिथे उपयोगाचे.

पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा चारही बोटे एकत्र राहतील असे हातमोजे अधिक ऊब देतात. बूट एक माप मोठे घ्यावेत, म्हणजे जाड मोज्यांसह बोटांना हलायला जागा राहते. घट्ट बुटात रक्त खेळत नाही. कोट आणि बूट या दोन वस्तू इथे घेऊच नयेत. आपल्या दुकानांतले जाकीट हे महाबळेश्वरसाठी किंवा फार तर मनालीच्या चार दिवसांसाठी केलेले असते. तिथे उतरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यापूर्वी, माहीतगार माणसाबरोबर जाऊन ते घ्यावेत, आणि त्यासाठी तीनशे-चारशे डॉलर पहिल्याच दिवशी वेगळे काढून ठेवावेत. वापरलेले कपडे विकणाऱ्या दुकानांत चांगले कोट निम्म्याहून कमी किमतीत मिळतात, आणि ते घेण्यात तिथे कोणालाही कमीपणा वाटत नाही.

माझा मुलगा २०१६ च्या ऑगस्टमध्ये गेला. ज्या कन्सल्टन्सीने त्याचे सारे कागद केले, तिने भरपूर शुल्क घेऊन चार वेळा मार्गदर्शन केले, पण त्या चारही वेळी हिवाळा हा शब्द उच्चारला गेला नाही. त्याचा राग मला आजही आहे. जानेवारीतल्या एका सकाळी तो टोपी न घालता, न्हाऊन ओल्या केसांनी बसथांब्यावर गेला. त्या दिवशी तापमान उणे २० होते आणि वारा ताशी ३० किलोमीटर. तिथल्या हवामान खात्याच्या सूत्राने उघड्या त्वचेला हा गारठा उणे ३३ सारखा लागतो, आणि इतक्या गारठ्यात उघडी त्वचा दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते. बस वीस मिनिटांनी आली. तोवर केसांचे बर्फ झाले होते आणि कानाच्या पाळ्या पांढऱ्या, मेणासारख्या, बधिर झाल्या होत्या. वर्गात पोचल्यावर त्याने आपल्याकडे करतात तेच केले, दोन्ही हातांनी कान खसाखसा चोळले. नेमके तेच करायचे नसते. गोठलेली त्वचा चोळली की आतल्या पेशी फाटतात. शेगडीजवळ किंवा हीटरवर शेकणेही धोक्याचे, कारण बधिर कातडीला भाजलेले कळत नाही. उबदार जागी जाऊन तो भाग अंगाच्याच उबेत धरावा, किंवा साधारण ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात ठेवावा, आणि संवेदना परतली नाही तर लगेच डॉक्टर गाठावा. त्याच्या कानाच्या कडेवर आजही थोडी थंडी पडली की आग होते. मला हे तीन वर्षांनी, प्रत्यक्ष तिथे गेल्यावर कळले. फोनवर त्याने एवढेच सांगितले होते, "आई, थोडी थंडी आहे."

जानेवारी २०२२ मध्ये मॅनिटोबा प्रांतातील इमर्सनजवळ, अमेरिकेच्या सीमेलगत, गुजरातमधील एका कुटुंबातील आई, वडील आणि दोन मुले रात्रीच्या बर्फात चालताना गारठून मरण पावली. ती कोणत्या मार्गाने आणि का निघाली होती हा वेगळा प्रश्न आहे. पण उणे ३५ सारखा लागणारा वारा म्हणजे काय, याची कल्पना त्या आईवडिलांना असती, तर त्यांनी मुलांना घेऊन ते पाऊल उचलले असते असे मला वाटत नाही. शरीराचे आतले तापमान ३५ अंशांच्या खाली गेले की माणूस अडखळत बोलतो, हातातल्या वस्तू पडतात, झोप येते, आणि पुढे पुढे तर काकडणेही थांबते. अशा वेळी "मी ठीक आहे" म्हणणाऱ्या सोबत्यावर विश्वास ठेवायचा नसतो. दारूने ऊब येते हाही असाच जीवघेणा समज आहे. त्वचेतल्या रक्तवाहिन्या सैलावतात, गरम वाटते, आणि आतली उष्णता वेगाने बाहेर जाते.

घराच्या आतल्या गोष्टी थोडक्यात सांगते. उणे २० अंशांच्या हवेत घनमीटरमागे जेमतेम एक ग्रॅम बाष्प असते. ती हवा आत घेऊन तापवली की मे महिन्यातल्या आपल्या लूपेक्षाही कोरडी होते. ओठ फुटतात, घोळणा फुटतो, टाचांना भेगा पडतात. तहान लागत नाही तरी पाणी पीत राहावे. खोबरेल तेल तिथे हिवाळाभर दगडासारखे राहते, म्हणून तिळाचे तेल किंवा व्हॅसलीन जवळ ठेवावे. स्वस्त भाड्याच्या तळघरात राहणाऱ्या मुलांनी खोली गरम करण्यासाठी गॅसची शेगडी किंवा ओव्हन कधीही पेटता ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि बंद खोलीत शेगडी ठेवून झोपल्याने होणारे मृत्यू आपल्याकडेही घडतात. बर्फावर लहान पावले टाकत, पूर्ण तळवा टेकवत, हात खिशाबाहेर ठेवून चालावे.

आता मला सर्वांत जास्त ज्याविषयी लिहायचे आहे, ते लिहिते. थंडीपेक्षा अंधार जास्त छळतो, आणि त्याविषयी कोणीच बोलत नाही. २१ डिसेंबरला नागपुरात जवळजवळ अकरा तास दिवस असतो. विनिपेगमध्ये तो आठ तासांचा असतो. सकाळी साडेआठच्या सुमारास उजाडते आणि साडेचारला मावळते, म्हणजे सकाळी ग्रंथालयात गेलेला विद्यार्थी बाहेर येतो तेव्हा रात्र झालेली असते. आठवडेच्या आठवडे त्याने ऊन पाहिलेले नसते. हिवाळा म्हटले की आपल्याला संत्री, हुरडा आणि विधिमंडळाचे अधिवेशन आठवते, कोवळ्या उन्हात खुर्ची टाकून पेपर वाचणे आठवते. सूर्याचा असा दुष्काळ आपल्या कल्पनेत बसतच नाही.

माझा मुलगा त्या पहिल्या फेब्रुवारीत बारा-बारा तास झोपू लागला. तासिका बुडू लागल्या, गोड खाण्याची वखवख लागली, मित्रांचे फोन तो उचलेना. स्वतःला तो आळशी समजत होता, आणि मला सांगायला खंत वाटते की फोनवर मीही त्याला तेच म्हणाले. विद्यापीठातल्या डॉक्टरांनी त्याला नीट विचारले तेव्हा या आजाराला नाव आहे हे समजले. ऋतूनुसार येणारे हे नैराश्य १९८४ मध्ये नॉर्मन रोझेंथाल या मनोविकारतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वर्णन केले. हे रोझेंथाल स्वतः दक्षिण आफ्रिकेतून न्यूयॉर्कला आले होते आणि तिथल्या हिवाळ्यात आपली उमेद ओसरते हे त्यांनी आधी स्वतःवर अनुभवले होते. मला या गोष्टीने फार धीर दिला. उन्हाच्या मुलखातून आलेल्या एका हुशार माणसालाही जर हे झाले, तर माझ्या मुलाचा त्यात काय दोष? सकाळी उठल्याबरोबर वीस-तीस मिनिटे १०,००० लक्सच्या (लक्स हे उजेडाचे माप) दिव्यासमोर बसणे, दुपारी उजेड असताना कितीही थंडी असली तरी नीट कपडे करून बाहेर चालून येणे आणि गरज पडल्यास औषध व समुपदेशन, असे उपचार त्यावर आहेत. मार्चअखेरीस तो पूर्ववत झाला. पण एक सत्र वाया गेले होते, आणि त्याचे शुल्कही.

जीवनसत्त्व 'ड'चेही तसेच आहे. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की बोस्टनला नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि त्याहून उत्तरेकडच्या एडमंटनला ऑक्टोबर ते मार्च, उन्हात उभे राहूनही त्वचेत हे जीवनसत्त्व तयार होत नाही. आपल्या सावळ्या त्वचेला एरवीही गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त वेळ ऊन लागते. ब्रिटनची आरोग्यसेवा तर शरद आणि हिवाळ्यात सर्वांनाच रोज १० मायक्रोग्रॅम घेण्याचा विचार करायला सांगते, आणि सावळ्या-काळ्या वर्णाच्या लोकांना वर्षभर. तेव्हा निघण्यापूर्वी नागपुरातच रक्त तपासून, आपल्या डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवून घ्यावी. दातांची तपासणी आपण आठवणीने करतो, कारण तिथे दंतवैद्य महाग असतो. त्याच यादीत ही एक ओळ घालायची आहे.

माझी विनंती आपल्या विद्यापीठाला आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांना आहे की त्यांनी दर जुलैमध्ये, जाणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी, हिवाळ्यावर अर्ध्या दिवसाचा वर्ग घ्यावा. तो घ्यायला परदेशी तज्ज्ञ बोलवायची गरज नाही. सुट्टीवर आलेले माजी विद्यार्थी, एखादा त्वचारोगतज्ज्ञ आणि एखादा मानसोपचारतज्ज्ञ एवढे पुरेसे आहे. कामठीला गार्ड्स रेजिमेंटचे प्रशिक्षण केंद्र आहे. उंच बर्फाळ प्रदेशात जवानाला टप्प्याटप्प्याने, सरावासाठी थांबवत चढवतात. तिथे मुख्य प्रश्न विरळ हवेचा असला, तरी कपडे, पायांची निगा आणि एकमेकांवर लक्ष ठेवण्याची शिस्त यांविषयी कामठीचे निवृत्त अधिकारी आपल्या मुलांना किती तरी सांगू शकतील. परदेशी शिक्षणाचे मार्गदर्शन करणाऱ्या संस्थांनी आपल्या यादीत हवामानाचे एक पान घालावे; त्याला त्यांचा खर्च काहीच नाही.

आणि पालकांना सांगायचे आहे ते फोनविषयी. नोव्हेंबरात तिथली घड्याळे एक तास मागे गेली की विनिपेग आणि नागपूर यांत साडेअकरा तासांचे अंतर पडते. तिथे रात्रीचे आठ वाजले असतात, तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेसात, अंगणात ऊन, हातात चहा. त्या उन्हात बसून आपण विचारतो, "जेवलास का? थंडी आहे का?" मूल म्हणते, "हो, आहे." त्याऐवजी विचारा की आज उजेडात किती वेळ बाहेर होतास, किती वाजता झोपलास आणि किती वाजता उठलास, या आठवड्यात कोणाकोणाला भेटलास, पायाची बोटे सुजून लाल झाली आहेत का. उत्तर टाळले तर पुन्हा विचारा. मी विचारले नव्हते.

शेजारच्या बॅगेतून आम्ही तीनपैकी दोन स्वेटर, ते जाकीट आणि सुती मोज्यांचे आठ जोड काढून ठेवले. गोधडी काढायला आजीनेही नकार दिला आणि मीही सुचवले नाही. मोकळ्या झालेल्या जागेत लोकरी मोजे आणि अंगाला लागून घालायचे पातळ कपडे गेले. त्या मुलीने जाड मोजे घालून कागदावर पाय ठेवला आणि पेन्सिलीने त्याची कड काढून दिली. तो कागद मी मुलाला पाठवला आहे. ती उतरेल त्या आठवड्यात तो तिला बुटांच्या दुकानात नेणार आहे. येत्या महिन्यात ज्या कोणा महाविद्यालयाला किंवा वाचनालयाला असा वर्ग घ्यायचा असेल, तिथे मी स्वखर्चाने येईन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका,
धरमपेठ, नागपूर